विमानात न बसता विमानाचे पॉइंट कसे जमवायचे?

शेवंती_नाशिक

नमस्कार मंडळी. लेक तीन वर्षांपासून सिंगापूरला नोकरीला आहे. संक्रांत झाली की आम्ही दोघांनी तिच्याकडे जायचं घाटतंय. परवा तिकिटांचे दर बघितले आणि ह्यांनी न बोलता लॅपटॉप मिटवला.

त्याच संध्याकाळी समोरच्या वहिनी सांगत होत्या की त्यांचा भाचा 'पॉइंटवर' बिझनेस क्लासने युरोपला जाऊन आला. आणि ते पॉइंट जमवायला तो एकदाही विमानात बसला नव्हता म्हणे! मला काही झेपलं नाही. भाजी न आणता कोथिंबीर फुकट मिळाल्यासारखं वाटलं.

आम्ही आजवर विमानात बसलोय दोनदा. घरखर्च महिन्याला तीस हजारांच्या आसपास. क्रेडिट कार्ड एकच, ह्यांच्या नोकरीत असताना बँकेनं गळ्यात मारलेलं, ते फ्रिज घेताना एकदा वापरलं होतं. तर अशा माणसांना असे पॉइंट जमवता येतात का? आणि किती दिवसांत? वेड्यासारखा प्रश्न असेल तर हसा, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

कुंपणावरचा_सरडा

विमानात न बसता विमानाचे पॉइंट... म्हणजे पंगतीला न बसता दक्षिणा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भटक्या_खुंट

शेवंतीताई, प्रश्न अजिबात वेडा नाही. आता बऱ्याच मोठ्या विमान कंपन्यांचे पॉइंट विमानाबाहेरच जास्त वाटले जातात. आपल्याकडे मुख्य रस्ता एकच, क्रेडिट कार्ड. त्यात दोन प्रकार. एक, विमान कंपनीचं नाव छापलेलं कार्ड, त्यावर थेट त्या कंपनीचे पॉइंट पडतात. दुसरं, बँकेचे स्वतःचे पॉइंट, जे नंतर तुम्ही हव्या त्या विमान कंपनीत वळवता. जाणकार मंडळी दुसऱ्या प्रकारच्या मागे असतात, कारण कुठे जायचंय ते आधी ठरतं आणि पॉइंट मग त्या कंपनीत टाकता येतात. उलटं केलं तर पॉइंट एका कंपनीत आणि जायचंय तिथे तिचं विमानच नाही, अशी गत होते.

आता तुमचा हिशोब. महिना तीस म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये. माझं कार्ड मधल्या दर्जाचं आहे, १५० रुपयांना ४ पॉइंट देतं आणि वळवताना २ पॉइंटांचा १ मैल (म्हणजे विमान कंपनीचा पॉइंट) होतो. तुमचा सगळा खर्च, अगदी दूधवाल्यासकट, त्यावर घातला तरी ९,६०० पॉइंट, म्हणजे ४,८०० मैल. सिंगापूरचं जाऊन-येऊन एक तिकीट काढायलाही याच्या कैक पट लागतात. नुसत्या घरखर्चावर संक्रांत गाठायची तर ती पुढच्या दशकातली.

वाईट वाटून घेऊ नका. भाच्याचा धंदा काय आहे ते विचारा, मग उलगडा होईल.

कुंपणावरचा_सरडा

भाच्याचा बायोडेटा मागवण्यात यावा.

वडापाव_सिडनी

इकडे ऑस्ट्रेलियात हा राष्ट्रीय खेळ आहे. किराणा वूलवर्थ्सचा, त्यांचे एव्हरीडे रिवॉर्ड्सचे पॉइंट क्वांटस या विमान कंपनीत जातात. एका डॉलरला एक पॉइंट, २,००० पॉइंट झाले की १,००० क्वांटस पॉइंट. आमच्या घरी चार माणसं, आठवड्याला २५० डॉलर धरा. वर्षाचे १३,००० आणि त्यातून क्वांटसचे ६,५००. एवढ्यात क्वांटसच्या विमानानं सिडनी-मेलबर्न एकेरीसुद्धा होत नाही!

मग लोक खेळतात का? तर ॲपमध्ये दर आठवड्याला 'बूस्ट' येतात. अमुक कपडे धुण्याची पावडर घेतली तर पाचशे जादा, अमुक गिफ्ट कार्ड घेतलं तर दहापट. खरे पॉइंट तिथे आहेत. आमच्या गॅरेजमध्ये सध्या डिशवॉशरच्या गोळ्यांची अकरा पाकिटं आहेत. डिशवॉशर बिघडलेला आहे.

मुंगीमावशी

@वडापाव_सिडनी, हसून हसून पुरेवाट. डिशवॉशर दुरुस्त करायला कार्ड चालतं का विचारा, त्यावरही पॉइंट मिळतील.

लंडनहून माझी भर. इथे सेन्सबरीचं नेक्टर कार्ड. २०२१ पासून नेक्टरचे पॉइंट एव्हिऑसमध्ये, म्हणजे ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंटांत, वळतात, ४०० चे २५०. आठवड्याला शंभर पौंडांची खरेदी धरली तर वर्षाला ३,२५० एव्हिऑस. मी कधी पायरी चढायचा कंटाळा केला नाही की कूपन फाडायचा केला नाही, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी युरोपातलं एखादं छोटं तिकीट निघतं. पण मुंबईचं तिकीट नेक्टरवर? नाव काढू नका. बाकी एव्हिऑसचं तिकीट म्हणजे फुकट नव्हे. कर आणि वरचे आकार रोख भरावे लागतात. पहिल्यांदा तो आकडा बघून मला वाटलं की चुकून दुसऱ्याचंच बिल उघडलंय.

शेवंती_नाशिक

भाच्याचं विचारलं. औषधांची स्टॉकिस्टशिप आहे, जळगाव-धुळे पट्ट्यात.

भटक्या_खुंट

झालं! संपलं रहस्य. महिन्याला लाखोंचा माल कार्डावर उचलतो, दुकानदारांकडून वसुली आली की बिल भरतो. त्याच्यासाठी पॉइंट म्हणजे धंद्याच्या उलाढालीवरची मलई आहे. आपल्याकडे दूधच अर्धा लिटर.

सीए_कोथरूड

भाच्याचा माल खरा असेल, बिलं आणि जीएसटी जागेवर असेल, तर हरकत काही नाही. पण हा धागा वाचून कुणाच्या डोक्यात कल्पना यायच्या आधी सांगून ठेवतो. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाख किंवा त्याहून जास्त भरणा झाला (किंवा रोखीत १ लाख) तर बँक ते आयकर खात्याला कळवते. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. पगार वार्षिक नऊ लाख, कार्डाचा भरणा बावीस लाख. मित्रांची, मेहुण्यांची, ऑफिसातल्या सगळ्यांची खरेदी स्वतःच्या कार्डावर करायचे आणि यूपीआयने पैसे परत घ्यायचे. पॉइंट झाले भरपूर. मग नोटीस आली आणि कुणाचे कुठले सातशे रुपये ते शोधत आम्ही दोघं दोन शनिवार बसलो. त्यातल्या एका मेहुण्यानं तर पैसे दिलेच नव्हते असंही निघालं.

दुसरा प्रकार म्हणजे बायकोच्या नावावर कार्डानं 'भाडं' पाठवायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये बऱ्याच ॲपनी ते बंद केलं. चालू होतं तेव्हाही ॲप स्वतःची फी घ्यायचं, बऱ्याच बँका वर १ टक्का लावायच्या, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि भाड्यावर पॉइंट कित्येक कार्डं देतच नव्हती. शिवाय घर बायकोचं आणि राहतात दोघं, मग भाडेकरार कुठाय? नका करू.

नवरा_नंबर_एक

@सीए_कोथरूड माझ्या बायकोनं हा प्रतिसाद वाचलाय आणि भाड्याची कल्पना तिला फार आवडली आहे. फी-बी सगळी मीच भरायची म्हणते.

अमेरिकन_आमटी

आयुष्यातला माझा आवडता विषय आला धाग्यावर, आता लांबड लावतो.

याची गंगोत्री अमेरिकन एअरलाइन्सची. १ मे १९८१ ला त्यांची अॅडव्हांटेज ही मैलांची योजना सुरू झाली. तेव्हा कल्पना सरळ होती, जो जास्त उडेल त्याला बक्षीस. १९८७ मध्ये सिटीबँकेबरोबर कार्ड आलं आणि उडण्याचा आणि मैलांचा काडीमोड सुरू झाला.

मग आले अवलिये. १९९९ ची गोष्ट. कॅलिफोर्नियातला एक इंजिनिअर सुपरमार्केटमध्ये हिंडत होता. एका कंपनीची जाहिरात होती, आमच्या पदार्थांचे १० बारकोड पाठवा, ५०० मैल मिळवा, आणि मे महिन्याच्या आत पाठवलेत तर दुप्पट. त्यानं दुकानात बसून हिशोब केला आणि शोधून काढलं की त्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त पदार्थ म्हणजे २५ सेंटची पुडिंगची डबी. त्यानं १२,१५० डब्या घेतल्या! साधारण ३,१४० डॉलर. बारकोड सोलायला माणसं कुठून आणायची? साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला सांगितलं, तुम्ही बारकोड सोलून द्या, पुडिंग तुम्हाला दान. वर दानाची करसवलतही घेतली. साडेबारा लाखांच्या आसपास मैल जमले. शेजाऱ्यांना सांगितलं म्हणे की Y2K ची (२००० साल उजाडताच संगणक बंद पडतील या भीतीची) तयारी चाललीये.

दुसरी गंमत, सरकारी. अमेरिकेची टांकसाळ एक डॉलरची नाणी घरपोच पाठवायची, टपालखर्च माफ आणि कार्ड चालायचं. सरकारला वाटलं नाणी चलनात येतील. लोकांनी हजारो डॉलरची नाणी कार्डावर मागवली, खोकी न उघडता बँकेत नेऊन भरली आणि त्याच पैशांनी कार्डाचं बिल. मैल फुकट. जुलै २०११ मध्ये टांकसाळीनं कार्ड बंद केलं तेव्हा कुठे थांबलं.

आता एवढं काही उरलं नाही. मी करतो ते साधं. काहीही ऑनलाइन घ्यायचं तर आधी विमान कंपनीच्या शॉपिंग पोर्टलवर जायचं आणि तिथून दुकानात शिरायचं. मुलाचे बूट, बायकोचं मिक्सर, सगळं तसंच. आणि एक बँक आहे, बास्क नावाची, ती बचत खात्यावर व्याजाऐवजी अमेरिकनचे मैल देते. वर्षअखेरीस त्या मैलांवरचा कराचा फॉर्म घरी येतो ते वेगळं.

आप्पा_गिरगावकर

सगळा धागा वाचला. माझं वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या काळी एअर इंडियाचा एकच पॉइंट माहीत होता, नरिमन पॉइंट.

हसू नका, खरंच सांगतो. त्या इमारतीवरचं लाल चिन्ह मरीन ड्राइव्हवरून दिसायचं आणि आम्ही पोरं त्याखाली भेळ खायचो. आता ती इमारत राज्य सरकारनं १,६०१ कोटींना घेतली. आणि महाराजा तर त्याहून जुना, १९४६ चा. बॉबी कुका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र. लवून नमस्कार करणारा, मिशीवाला. जाहिरातीत कधी पॅरिसला, कधी टोकियोला. आम्ही जायचो ते फक्त त्याचं चित्र बघायला.

परवा नातू म्हणाला, 'आजोबा, मी महाराजा क्लबात आहे.' मला वाटलं कुठल्या तरी जिमखान्याची मेंबरशिप घेतली. तर ते एअर इंडियाच्या पॉइंटांचं नवं नाव निघालं. पूर्वी फ्लाइंग रिटर्न्स होतं ना, १९९४ पासून, तेच.

विषयांतराबद्दल क्षमस्व.

मुंगीमावशी

आप्पा, असं विषयांतर रोज करा. भेळेचा उल्लेख मात्र लंडनमधल्या लोकांसाठी काळजाला घरं पाडणारा आहे.

कुंपणावरचा_सरडा

'नरिमन पॉइंट' ला दंडवत. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

गुजरीचा_गुळ

बंद कशाला, लग्नसराई आत्ता कुठे चालू होतेय. शेवंतीताई, घरखर्चानं पॉइंट होत नाहीत हे खरं, पण मोठ्या खर्चानं होतात असं मला वाटलं होतं. माझा अनुभव सांगतो.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न. मी ठरवलं, सगळं कार्डावर. पहिलं पाऊल गुजरीत, सोनं घ्यायला. चार लाखांची खरेदी. आई, बहीण, दोन मावशा, सगळ्यांचं तोडे-पाटल्यांवर एकमत व्हायला तीन तास गेले. मी ऐटीत कार्ड काढलं. सोनारानं चष्मा वर केला, काउंटरखालून कॅल्क्युलेटर काढला, बटणं दाबली आणि माझ्याकडे फिरवला. 'कार्ड असलं तर दोन टक्के वर, साहेब.' म्हणजे ८,००० रुपये. माझं कार्ड भटक्या_खुंट यांच्यासारखंच. चार लाखांवर साधारण १०,६०० पॉइंट, म्हणजे ५,३०० मैल. एक मैल दीड रुपयाला पडला! तेवढ्यात आई म्हणाली, 'कसले मैल? चेकबुक आणलंयस ना?' आणलं होतं.

मंगल कार्यालयवाल्यानं कार्डाकडे बघितलंही नाही. केटररनं बघितलं आणि हसला. मांडववाला म्हणाला, आधी आमच्या पोरांच्या चहाचं बघा. शेवटी कार्ड चाललं कुठे, तर पत्रिकेच्या छपाईला आणि नवऱ्यामुलाच्या बुटाला.

सीए_कोथरूड

शिवाय दागिन्यांवर पॉइंटच न देणारी कार्डं पण आहेत. पेट्रोल, वॉलेट भरणं, सरकारी भरणा, भाडं, यांचंही तेच. कार्ड घेण्याआधी 'कशाकशावर पॉइंट नाहीत' तेवढं पान वाचा. बाकीची पानं जाहिरात असते.

पैठणी_प्रेमी

@गुजरीचा_गुळ, लग्न मोठ्या हॉटेलात असतं तर गंमत वेगळी होती. मॅरियटसारख्या साखळ्या कार्यक्रमाच्या आयोजकालाही पॉइंट देतात, मुक्कामाचे वेगळे. आणि मॅरियटचे ६०,००० पॉइंट एका फटक्यात बऱ्याच विमान कंपन्यांत वळवले की २५,००० मैल होतात (तीनास एक, वर ५,००० बक्षीस). माझ्या दिराच्या लग्नाचे पॉइंट सासऱ्यांच्या नावावर पडले. ते अजून विचारतात, 'ते पॉइंट वापरून येवल्याला जाता येईल का?'

गुजरीचा_गुळ

येवल्याला लाल परी आहे की! पॉइंट कशाला?

जमाखर्च

एक मुद्दा कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. हे पॉइंट येतात कुठून? विमान कंपनी ते बँकेला, किराणावाल्याला, हॉटेलला विकते. रोख पैसे आधी, सीट नंतर, तीही रिकामी असली तर. पॉइंटांचा कारखाना हा विमानांच्या धंद्यापेक्षा बरा चालतो. २०२० मध्ये टाळेबंदीत विमानं उभी होती तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सनं आपली मायलेजप्लस ही पॉइंटांची योजनाच तारण ठेवून कर्ज उभारलं. योजनेची किंमत धरली होती सुमारे २२ अब्ज डॉलर, तेव्हाच्या अख्ख्या कंपनीच्या बाजारमूल्यापेक्षा जास्त.

आणि जो पॉइंट छापतो तोच त्याची किंमत ठरवतो. रिझर्व्ह बँक नाही, ग्राहक पंचायत नाही. २०२३ मध्ये माझ्या एका कार्डाचा वळवण्याचा दर एका ईमेलनं निम्मा झाला. दोन वर्षं जपून ठेवलेले पॉइंट, एका परिच्छेदात अर्धे. म्हणून माझा नियम: पॉइंट साठवायचे नाहीत. भाकरीसारखे आहेत, ताजे खा.

भटक्या_खुंट

+१. आणि कंपनी बुडाली तर? किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती आलीच, तिची पॉइंटांची योजना, किंग क्लब, तीही तिच्याबरोबर. उलट जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण मैल वाचले! कारण जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीत होती आणि तिच्यात एतिहाद या अबुधाबीच्या विमान कंपनीचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा होता. पुढे तिचं इंटरमाइल्स झालं. विमान कंपनी गेली आणि मैल राहिले. शेवंतीताईंच्या प्रश्नाचं याहून शुद्ध उत्तर कुठलं असणार?

वाळवंटी_कांदेपोहे

दुबईहून. इथे एमिरेट्स विमान कंपनीचं स्कायवर्ड्स एव्हरीडे नावाचं ॲप आहे, कार्ड एकदा जोडलं की ठरावीक दुकानांत आपोआप मैल पडतात. मी जोडून विसरून गेलो. विसरण्यातच फायदा आहे. ज्या महिन्यात लक्ष घातलं त्या महिन्यात मैलांसाठी न लागणाऱ्या दोन वस्तू घेतल्या.

फोडणी

मला एक सांगा, इतकं वाचून मी कार्ड घेऊ की नको?

सीए_कोथरूड

दर महिन्याला पूर्ण बिल भरणार असाल तर घ्या. 'मिनिमम ड्यू', म्हणजे नुसती किमान रक्कम, भरून पुढे ढकलणार असाल तर साडेतीन-पावणेचार टक्के महिना व्याज लागतं, वर्षाला चाळीसच्या पुढे, वर त्या व्याजावर जीएसटी. त्या व्याजात तिकीट काढून होईल, तेही दोन पैसे देऊन पुढच्या रांगेत बसून.

फोडणी

कळलं. यूपीआयवरच बरी मी.

नवरा_नंबर_एक

यूपीआयवर पण आता रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं. आमच्या भाजीवालीकडे मी तसंच भरतो. पॉइंट काही कार्डं देतात, काही देत नाहीत, काही टाकल्यासारखे देतात. पण मागच्या आठवड्यात मी मेथीच्या तीन जुड्या घेतल्या, का तर पाचशेचा टप्पा गाठायचा होता. घरी विचारणा झाली. मेथीचे पराठे चालू आहेत, चौथा दिवस.

शेवंती_नाशिक

तुम्ही सगळे भारी आहात. ह्यांना सोनाराचा किस्सा वाचून दाखवला, तर म्हणाले, 'बघ, म्हणून मी कार्ड कपाटात ठेवतो.' म्हणजे माझ्याच धाग्यानं माझ्यावर डाव उलटला.

तरीही सांगा, म्हणजे सिंगापूर विसरायचं?

मर्लायनची_मावशी

शेवंतीताई, मी सिंगापूरला सतरा वर्षं आहे. धागा आत्ता बघितला, नाहीतर पहिल्याच पानावर विचारलं असतं. तुमच्या लेकीचं क्रिसफ्लायरचं, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या मैलांचं, खातं आहे का? आणि तिचं पगाराचं बँककार्ड कुठलं आहे? इथे जेवण, टॅक्सी, फोनचं बिल, सगळं कार्डानं. घरभाडं आणि इन्कम टॅक्ससुद्धा कार्डअपसारख्या सेवेतून फी देऊन कार्डावर घालणारे आहेत. बँकेचे पॉइंट क्रिसफ्लायरमध्ये वळतात. शिवाय क्रिस प्लसचं ॲप आहे, कोपीच्या (इथल्या कॉफीच्या) दुकानापासून चष्म्याच्या दुकानापर्यंत त्यावर मैल मिळतात. इथला एकटा नोकरदार मुलगा-मुलगी तीन वर्षांत नकळत बरेच मैल जमवतो. बहुतेकांना पत्ताच नसतो.

आणि मुख्य गोष्ट. क्रिसफ्लायरच्या खात्यावर पाच जणांची नावं नॉमिनी म्हणून घालता येतात, त्यांच्यासाठी तिकीट काढता येतं. तुम्ही जमवायची गरजच नाही. तिला विचारा. लवकर विचारा, कारण ते मैल ३६ महिन्यांनी उडून जातात, आणि ती तीन वर्षांपूर्वीच आली म्हणताय.

मुंगीमावशी

अगं बाई! काखेत कळसा...

आप्पा_गिरगावकर

लेक कुठे राहते हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. आपण सगळे पुडिंग सोलत बसलो.

शेवंती_नाशिक

(दहा दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. लेकीला फोन केला. 'तुझं क्रिसफ्लायर आहे का गं?' तर म्हणे, 'आई, तुला हा शब्द कुणी शिकवला?' तुमचं नाव सांगितलं.

खातं होतं. बँकेचे पॉइंट वेगळे पडलेले होते, ते तिनं कधी उघडूनही बघितले नव्हते. मैलांतले काही याच महिनाअखेरीला जाणार होते! तिनं बँकेचे पॉइंट वळवले, आम्हा दोघांची नावं नॉमिनीत घातली आणि रात्री अकराला व्हिडिओ कॉलवर बसून तारखा बघितल्या. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मैलांची एकच सीट दाखवत होती. दुसरी पुढच्या महिन्यात. वेगवेगळं जायला ह्यांची तयारी नाही, म्हणजे एकट्यानं इमिग्रेशनला उभं राहायची तयारी नाही.

शेवटी माझं तिकीट मैलांवर, त्यावरचा कर लेकीनं भरला. ह्यांचं पैसे देऊन, त्याच विमानात, तेही फ्रिजवाल्या कार्डावर. माझी सीट खिडकीची आली आहे.

कुंपणावरचा_सरडा

अभिनंदन! भावजींना कळवा, मैलांवरच्या तिकिटावर मैल मिळत नाहीत, पैशाच्या तिकिटावर मिळतात. म्हणजे या अख्ख्या धाग्यातून पॉइंट कुणाला मिळणार, तर भावजींना. तेही विमानात बसून.

शेवंती_नाशिक

हे वाचून दाखवलं. लॅपटॉप परत मिटवला आहे.

@मर्लायनची_मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? थालीपिठाची भाजणी आणि तिळगूळ आणते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि तिकडे च्युइंगगम चालत नाही म्हणे, खरं का? ह्यांना विमानात कानासाठी लागतं.

मर्लायनची_मावशी

च्युइंगगम नाशिकलाच ठेवा. कानासाठी आवळासुपारी चालेल. भाजणी दोन किलो आणा, आमच्या मंडळातल्या आणखी तिघी विचारतायत. त्यातली एक विचारतेय की भाजणीवर पॉइंट मिळतात का.